माझ्या मोबाईलसाठी आईचे शनिवार

आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक व्यसनाला वार ठरलेला आहे. दारूला गुरुवार. तंबाखूलाही गुरुवारच, पण जरा सौम्य, म्हणजे दुपारी साबुदाणा चालतो. मटक्याला शनिवार. मुलगा अभ्यास करत नसेल तर मंगळवार, आणि फारच करत नसेल तर जोडीला संकष्टी. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण शहाडला आमच्या चार मजल्यांतल्या कोणत्याही बाईला विचारलं तर ती सांगेल. यातली मुख्य अट अशी, की ज्याला व्यसन आहे त्याने उपास करायचा नसतो. तो त्याच्या बायकोने किंवा आईने करायचा असतो. व्यसन असलेला माणूस त्या दिवशीही नेहमीसारखा जेवतो, वर त्याला थोडी खिचडीही मिळते. मी हे लहानपणापासून बघत आलो, त्यामुळे यात काही विचित्र आहे असं मला कॉलेजात मानसशास्त्र हा विषय घेईपर्यंत वाटलं नव्हतं. अजूनही पूर्णपणे वाटतं असं म्हणता येणार नाही.

मोबाईलला मात्र वार नव्हता. व्यसन नवीन असल्यामुळे त्याचं कोणी ठरवलेलंच नव्हतं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईने माझ्यासाठी उपास धरायचं मनावर घेतलं तेव्हा ही अडचण पुढे आली, आणि आमच्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यावर चर्चा झाली. मी आत बसलो होतो. एका कानात इअरफोन होता, दुसऱ्या कानाने मी माझ्याबद्दल ऐकत होतो.

कोणी म्हणालं अभ्यासाचा विषय आहे, तर गणपतीचा मंगळवार. कोणी म्हणालं डोळे जातात, मान जाते, तेव्हा हे दुखणं समजून सोमवार करावा. शेवटचा शब्द पहिल्या मजल्यावरच्या मावशींचा होता. त्यांनी आपल्या यजमानांची दारू गुरुवारांवर सोडवली असल्यामुळे त्यांचा अधिकार मोठा आहे. यजमान त्याचं श्रेय लिव्हरच्या डॉक्टरला देतात, पण यजमानांना कोणी विचारत नाही. मावशी म्हणाल्या, दारू-तंबाखू ही तोंडाची व्यसनं, मोबाईल हे मनाचं आहे. मन माकडासारखं या फांदीवरून त्या फांदीवर जातं, म्हणजे हे प्रकरण मारुतीकडे द्यायला पाहिजे. शनिवार ठरला. मी त्या वेळी खरोखरच एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर जात होतो, त्यामुळे निदान तपासणी तरी बरोबर झाली असं म्हणावं लागेल.

एकच गोष्ट त्या चर्चेत कोणी काढली नाही, कारण ती सगळ्यांना माहीत होती. आईला साखर आहे. काही वर्षांपूर्वी निघाली. सकाळी गोळी घ्यायची, त्यावर लगेच खायचं, आणि उपाशी राहायचं नाही, असं तिला डॉक्टरांनी बजावलं आहे. चहातली साखरही बंद करायला सांगितली आहे, पण तिथे आई ऐकत नाही. दिवसातून दोनदा चांगला गोड चहा, कपाच्या काठापर्यंत. "तेवढं एकच तर आहे मला," असं ती म्हणते, आणि ते खरं आहे. उपासाबद्दल तिचं म्हणणं असं होतं की खिचडी खाल्ली म्हणजे उपाशी कुठे राहिलं.

मोबाईल माझा होता. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बाबा सातवीपर्यंत शिकले आणि कल्याणला रिक्षा चालवतात. आई नववीपर्यंत शिकली. आम्ही पूर्वी ठाण्याला भाड्याने राहायचो, त्या वेळेपासून ती नौपाड्यात दोन घरी पोळ्या करते. शहाडला आलो तरी तिने ती घरं सोडली नाहीत. त्यामुळे कॉलेजला काय काय लागतं याबद्दल आमच्याकडे मी सांगेन ते खरं. मोबाईल लागतो असं मी सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. नोट्स त्यावर येतात, तास रद्द झाल्याचं त्यावर कळतं, हजेरीसुद्धा त्यावर लागते. पण बाकीचं सगळंही त्याच काचेवर येतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला माझा चेहरा दोन्ही वेळी सारखाच दिसतो. पहिलं वर्षभर आई पाहुण्यांना अभिमानाने सांगायची, "सारखा अभ्यास करतो, मान वर करत नाही." ती हे सांगत असतानाही मी मान वर करत नसे.

तिला शंका आली ती माझ्या बहिणीमुळे. बहीण दहावीला आहे आणि तिचं माझ्याकडे बारीक लक्ष असतं. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "आई, अभ्यास करताना माणूस एकटाच हसतो का गं?"

त्यानंतर आई माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. पण मोबाईलपेक्षाही तिला एका शब्दाचा राग होता. आमच्याकडे संध्याकाळी पाणी येतं. मोरीत पिंप आहे, त्यात नळी सोडतात, आणि पिंप भरलं की नळी काढून बादलीत टाकायची हे काम माझ्याकडे आहे, कारण आई तेव्हा चपात्या करत असते. आई आतून हाक मारायची, "पिंप भरलं रे." मी म्हणायचो, "आलो." हा शब्द मी अगदी मनापासून म्हणायचो. मला खरोखर वाटायचं की मी निघालो आहे. मग पाणी मोरीतून बाहेर यायचं, उंबऱ्यावरून गॅलरीत जायचं, आणि शेजारच्यांच्या चपला ओल्या झाल्या की भांडणाच्या आवाजाने मी मान वर करायचो. आई पिठाच्या हातांनी नळी काढत असायची.

बहिणीला या उपासाचा वेगळाच राग होता. नववीत तिचे मार्क घसरले तेव्हा ती आईचा फोन वापरायची. तो आईने एका दिवसात बंद केला. सकाळी पिशवीत टाकला आणि कामाला घेऊन गेली, आणि तेव्हापासून रोज नेते. त्यासाठी गॅलरीत चर्चा झाली नाही.

"माझा फोन काढून घेताना कुठल्या देवाला विचारलेलं?" बहीण म्हणाली.

आई म्हणाली, "तुझं वेगळं."

"काय वेगळं? ह्याच्यासाठी तू जेवण सोडलंस. माझ्यासाठी कोणी साधा चहा पण सोडला नाही."

आई चपात्या लाटत राहिली.  मला कॉलेजात शिकवलेलं काहीतरी आठवायला पाहिजे होतं, पण आठवलं नाही.

कॉलेजात त्याच सुमाराला आत्मसंयमावरचा धडा चालू होता. मॅडम चांगलं शिकवतात. त्या म्हणाल्या, मोहाशी लढत बसू नका, मोह डोळ्यांआड करा. अभ्यासाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मी हे वहीत उतरवून घेतलं आणि घरी येऊन प्रामाणिकपणे करून बघितलं. आमची दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. मी फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि बाहेर येऊन पुस्तक उघडलं. थोड्या वेळाने मला तहान लागली. नंतर मला वाटलं आईला लसूण सोलून द्यावी. ती सोलून झाल्यावर मी स्वतःहून कोथिंबीर निवडायला घेतली. त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात इतकी मदत केली की आईने दोन-तीन शेजारणींना सांगितलं, पहिल्याच शनिवारी फरक पडला. बहीण म्हणाली, "आई, तो कोथिंबिरीकडे बघत नाहीये, डब्याकडे बघतोय."

मग पुन्हा एकदा पाणी गॅलरीत गेलं. आईला वाटलं उपास कमी पडतोय. मावशी म्हणाल्या, खिचडी खाऊन कसला उपास, मारुतीला कडक लागतं. तेव्हापासून आईने खिचडी सोडली. शनिवारी संध्याकाळी मारुतीला जाऊन आल्यावर एकदाच जेवायची, दिवसभर काही नाही. गोळी मात्र घ्यायची, कारण गोळीने उपास मोडत नाही असंही मावशींनीच सांगितलं होतं. मी तिला म्हणालो, असं करू नको, तुला त्रास होईल. ती म्हणाली, "मग तू उठत जा ना." हे तिने रागाने म्हटलं नाही. भाजी आणशील का, अशा आवाजात म्हटलं. मला त्या वेळी खरंच वाटलं की उद्यापासून मी उठेन.

त्यानंतरच्याच एका शनिवारी दुपारी नौपाड्यातल्या काकूंचा फोन आला. आईच्या दोन घरांतलं त्यांचं घर जुनं. पोळ्या करताना तिला घाम फुटला, हात थरथरले आणि ती ओट्याला धरून खाली बसली होती. फोन हातातच असल्यामुळे मी पहिल्या रिंगला उचलला. आईने नंतर सगळ्यांना हेच सांगितलं, की पोराने लगेच फोन उचलला.

मी पोचलो तेव्हा आई काकूंच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. काकूंनी तिला साखरेचं पाणी पाजलं होतं. त्यांच्या खालच्या मजल्यावर डॉक्टर राहतात, ते वर आले होते.

"गोळी घेतलीत आणि वर काही खाल्लं नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"शनिवार आहे," आई म्हणाली.

"साखरेला शनिवार कळत नाही, बाई. आज काकू घरात होत्या म्हणून. रस्त्यात झालं असतं तर?" मग ते माझ्याकडे वळले आणि मी काय शिकतो ते विचारलं. मी मानसशास्त्र म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तूच समजाव आईला." त्यांना खरंच वाटलं असावं की हे काम आता योग्य माणसाच्या हातात आहे.

काकूंनी उपास कशासाठी म्हणून विचारलं. आईने "मुलासाठी" एवढंच सांगितलं. मोबाईल हा शब्द तिने काढला नाही. काकूंना वाटलं माझ्या परीक्षेसाठी असेल, आणि त्यांनी मला आई किती करते याची जाणीव ठेवायला सांगितलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या नातवाला आम्ही समुपदेशकांकडे नेतो आहोत. या वयात समजावूनच सांगावं लागतं, सक्ती करून उपयोग नाही." नातू माझ्याच वयाचा आहे. आतल्या खोलीत होता. काकूंनी त्याला आईसाठी पंखा लावायला हाक मारली. आतून आवाज आला, "आलो." तो शब्द मी लगेच ओळखला. काकूंनी उठून स्वतःच पंखा लावला.

शहाड स्टेशनला बाबा रिक्षा घेऊन आले होते. आईला घरी सोडलं, ती वर गेली, आणि मी उतरायला लागलो तर बाबा म्हणाले, "बस जरा." त्यांनी खिशातून डबी काढली, तंबाखू मळली आणि गालात ठेवली. मी बघतच राहिलो. बाबांची तंबाखू मी लहान असताना आईच्या गुरुवारांनी सुटली होती. उद्यापनाला जेवायला माणसं आली होती, पुरणपोळ्या झाल्या होत्या, मला आठवतं.

"घरात नाय खात," बाबा म्हणाले. "उद्यापन झाल्यापासून घरात कधीच नाय. आई खूश, देव खूश, मी पण खूश. कोणाचं काय बिघडलं?"

त्यांनी डबी परत खिशात ठेवली.

"तू पण तेच कर. मोबाईल इथे ठेवत जा, रिक्षात. घरात नेऊ नको. आईचं शनिवारचं एकदा सुटू दे. आज काय झालं बघितलंस ना?"

मला हे पटलं असं मी म्हणणार नाही, पण आईने जेवलं पाहिजे हे पटत होतं, आणि दुसरा मार्ग मला सुचत नव्हता. आत्मसंयमाच्या धड्यात बाबांची पद्धत नव्हती. तरी ती एका अर्थी मॅडमच्याच पद्धतीसारखी होती, फक्त दुसरी खोली तीन चाकांवर होती.

त्या आठवड्यात मी संध्याकाळी घरी मोबाईलशिवाय बसू लागलो. थोडा वेळ बसायचो, मग खाली जायचो. बाबांची पाळी संपलेली असायची, रिक्षा बिल्डिंगखाली लावलेली असायची. बाबा पुढे, मी मागे. बाबांची तंबाखू, माझा मोबाईल. बोलायचो नाही फारसं, पण मला वाटतं बाबांना माझी सोबत आवडायला लागली होती. इतकी वर्षं ते तिथे एकटेच बसत असणार.

एक दिवस वरून हाक आली, "पिंप भरलं रे." आम्ही दोघांनी एकदम "आलो" म्हटलं आणि दोघंही बसून राहिलो. नंतर जिन्यात पावलं वाजली. आई खाली आली आणि रिक्षाजवळ येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं. आम्हा दोघांकडे तिने आळीपाळीने बघितलं.

"अहो," ती बाबांना म्हणाली, "ते थुंका आणि वर चला. पाणी गेलं खालपर्यंत."

बाबांनी मान बाहेर काढून थुंकलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण आईसमोर काय केलं. "तुला माहितीये?"

"उद्यापनाच्या आधीपासून."

"मग उद्यापन कशाला केलंस?"

"मी दत्ताकडे घरात नको एवढंच मागितलेलं. पोरं लहान होती, डबी शोधून तोंडात घालतील. तेवढं त्याने ऐकलं. बाहेरचं मी कुठे मागितलेलं?"

 मी मोबाईल खिशात ठेवला आणि विचारलं, "आणि माझ्यासाठी काय मागितलंस? मोबाईल सुटू दे?"

"मोबाईल कसा सुटेल? कॉलेजला लागतो ना." आईने पीठ लागलेला हात पदराला पुसला. "एका हाकेत उठू दे, एवढंच मागितलंय."

"बस?"

"बस काय. एवढंच होत नाही तर पुढचं काय मागू?"

तेव्हा मला कळलं की मी इतके दिवस चुकीच्या गोष्टीशी लढत होतो. लढत होतो हा शब्दही मोठाच झाला. पण कळून उपयोग काही झाला नाही. पुढच्या तीन दिवसांत मी एकदा उठलो आणि दोनदा "आलो" म्हणालो. शनिवार जवळ आला होता आणि आई पुन्हा दिवसभर काही न खाता नौपाड्याला जाणार होती.

तोडगा बहिणीने काढला. अभ्यासाच्या पुस्तकातून डोकं न काढता ती म्हणाली, "मग शनिवार दादालाच देऊन टाक ना. जेवू दे तुला."

उपास दुसऱ्याला देता येतो. बाई आजारी पडली किंवा म्हातारी झाली की तिचा वार सून घेते, हे आमच्याकडे चालतं. पण माझं अजून लग्न झालेलं नव्हतं, आणि ज्याला व्यसन आहे त्यानेच स्वतःच्या व्यसनाचा उपास करायचा, असं आमच्या बिल्डिंगमध्ये कधी झालं नव्हतं. मावशींना विचारलं.  त्यांना ही गोष्ट आवडली नव्हती हे दिसत होतं. "असं सुरू झालं तर आम्ही इतकी वर्षं उपास कशाला केले?" असं त्या म्हणाल्या. पण नौपाड्याला काय झालं हे त्यांच्याही कानावर गेलं होतं, आणि गोळीचा सल्ला त्यांचा होता. शेवटी म्हणाल्या, सून येईपर्यंत चालवून घ्या.

त्या शनिवारी सकाळी आम्ही मारुतीला गेलो. आईने तेल वाहिलं, रुईची माळ घातली, आणि माझ्या हातावर पाणी सोडून शनिवार मला दिला. उजवा हात पुढे कर म्हणाली तेव्हा मला मोबाईल डाव्या हातात घ्यावा लागला. घरी आल्यावर आईने गोळी घेतली आणि वर दोन चपात्या खाल्ल्या. शनिवारी सकाळी तिला जेवताना बघून मला इतकं हलकं वाटलं की स्वतःला भूक लागली आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

या सगळ्यात एक गोष्ट सगळ्यांच्याच नजरेतून सुटली होती. मला जो वार मिळाला तो जेवणाचा होता. शनिवारी मोबाईल वापरायचा नाही, असं कोणी म्हटलंच नव्हतं. मारुतीला तेल मिळालं, आईला चपाती मिळाली, मला उपास मिळाला, आणि मोबाईल होता तिथेच राहिला. मी हे दाखवून देणार होतो, पण नव्याने आलेल्या माणसाने नियम शिकवू नयेत असं वाटलं.

उपाशीपोटी मोबाईल बघणं मात्र कठीण असतं, हे मला माहीत नव्हतं. दुपारपर्यंत ठीक गेलं. नंतर मला कळलं की त्यात बहुतेक सगळं खाण्याचंच असतं. कोणीतरी तव्यावर लोणी टाकतंय, कोणीतरी पाव दाबतंय, कोणीतरी पहिला घास घेऊन डोळे मिटतंय. पूर्वी मी ते अर्धवट बघून पुढे सरकवायचो. आता एकेक व्हिडिओ पोटात जाऊन बसत होता. संध्याकाळी मी स्वतः उठून मोबाईल पिठाच्या डब्यावर ठेवून आलो आणि पुन्हा आत गेलो नाही, कारण आत चपात्यांचा वास येत होता. याला आत्मसंयम म्हणायचं की भूक, हे मी मॅडमना विचारणार होतो. अजून विचारलेलं नाही.

मग पाणी आलं. आईने आतून नुसतं "अरे" म्हटलं, पुढे पिंपाचं वाक्य यायचं होतं. मी उठून आत उभा होतो. मला वाटलं जेवायला हाक मारली.

आई लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. पिंप काठोकाठ भरलं होतं, पण वाहिलं नव्हतं. मी नळी काढून बादलीत टाकली.

"पावला," आई म्हणाली.

मी तिला खरं कारण सांगितलं नाही. नंतर बहिणीने सांगितलं. आई म्हणाली, कारण काही का असेना, उठला ना. देवाला काय, तो कसंही उठवतो.

पुढचेही शनिवार तसेच गेले. शनिवारी मी एका हाकेत उठतो. बाकीच्या दिवशी दोन, कधी तीन लागतात, पण गॅलरीत पाणी आता क्वचितच जातं. आईने उद्यापनाचं नाव काढलेलं नाही, कारण आता वार तिचा नाही, माझा आहे.

शनिवारी संध्याकाळी डब्यावर पडलेला मोबाईल बहिणीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आधी ती पाच-दहा मिनिटं बघायची. मग अभ्यासाचं पुस्तक मांडीवर आणि मोबाईल पुस्तकावर. "शनिवारी तो रिकामाच असतो ना," असं तिने मला सांगितलं, आणि मला तिला नाही म्हणता आलं नाही. परीक्षा जवळ आली होती. मग ती रविवारीही मागायला लागली, आणि पुढे माझ्याआधी उठून घ्यायला लागली. एकदा आईने भाजी निवडायला हाक मारली तेव्हा आमच्या घरातून "आलो" ऐवजी "आले" असा आवाज आला आणि कोणीच आलं नाही.

मला वाटलं आता आई मोबाईल काढून घेईल. मागच्या वेळी घेतला होता तसा, एका दिवसात. आईने नुसतं बघितलं.

काही दिवसांनी सकाळी चहा झाला होता. आईने बाबांचा कप भरला, माझा भरला, बहिणीचा भरला. तिचा स्वतःचा कप ओट्यावर पालथा होता.

"तुझा?" बहिणीने विचारलं.

"नको मला."

बहिणीने तेव्हा लक्ष दिलं नाही. संध्याकाळी पुन्हा कप पालथा. दुसऱ्या दिवशीही. त्या आठवड्यात आई नौपाड्यातल्या डॉक्टरांना दाखवून आली, त्यांनी साखर कमी आल्याचं बघून तिचं कौतुक केलं. त्यांना वाटलं आईने शेवटी त्यांचं ऐकलं. बहिणीलाही तसंच वाटलं, किंवा वाटून घ्यायचं होतं.

"डॉक्टरनी सांगितलं म्हणून सोडलास ना चहा?" ती म्हणाली. मोबाईल तिच्या हातात होता.

आई कणीक तिंबत होती. "डॉक्टर किती वर्षं सांगतायत. त्यांच्यासाठी सोडायचा असता तर तेव्हाच सोडला असता."

 बहीण उठली आणि तिने मोबाईल आईसमोर ओट्यावर ठेवला. "असं नको ना करू. त्यापेक्षा काढून घे."

"तो दादाचा आहे," आई म्हणाली. "त्याला दे."

बहिणीने तो मला दिला आणि पुस्तक घेऊन बसली. तिने तिचा संध्याकाळचा चहा अर्धाच प्यायला. अर्धा कपात निवत राहिला, आणि आईने तो आग्रह न करता मोरीत ओतला. मी माझा पूर्ण प्यायलो. त्या दिवशी सोमवार होता, म्हणजे माझा वार नव्हता.